उपग्रहांची लकाकी व त्यांचे आयुर्मान

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, महाराष्ट्राच्या आकाशातून जळत्या गोळ्यांची रांग सरकताना असंख्य लोकांनी पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी (ता. सिंदेवाही) येथे धातूचे मोठे कडे पडले. पुष्कळांस ती उल्का वाटली. फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या अग्निबाणाचा तो अवशेष असावा, असे तज्ज्ञांचे मत पडले. अशा प्रसंगी मुले प्रथम गुरुजींस विचारतात. म्हणून हा पाठ.

लकाकी : उपग्रह स्वयंप्रकाशित नसतो. सूर्यास्तानंतर भूमीवर अंधार पडला तरी शेकडो कि.मी. उंचीवर ऊन असते. उपग्रहाचा गुळगुळीत भाग योग्य कोनात येताच ते ऊन परावर्तित होऊन क्षणभर लकाकते. १९९७ पासून सोडलेले इरिडियम उपग्रह यासाठी प्रसिद्ध होते. २०१७ ते २०१९ मध्ये त्यांच्या जागी नवे आले व ती लकाकी दुर्मिळ झाली.

प्रात्यक्षिक : उन्हात लहान आरसा धरून कवडसा भिंतीवरून फिरवावा, कोणाच्याही डोळ्यांवर पाडू नये. कवडसा ज्या खुणेवरून जातो, तेथेच क्षणभर प्रकाश पडतो, हे दाखवावे.

आयुर्मान : उंचावरील विरळ हवाही उपग्रहास अडविते व तो हळूहळू खाली येतो. स्पुटनिक–१ ऑक्टोबर १९५७ मध्ये सुटला व तीन महिन्यांत जळाला. सुमारे ६०० कि.मी. उंचीवरील आपला ‘आर्यभट’ १९७५ पासून १९९२ पर्यंत टिकला. ८०० कि.मी.वरील वस्तू शतकानुशतके फिरत राहू शकते. सपाट व चुरगळलेला असे दोन सारखे कागद एकदम सोडून हवेचा अडथळा समजावून द्यावा.

निरीक्षण : शहाडसारख्या दिव्यांच्या दाट वस्तीत केवळ ठळक उपग्रह दिसतात, मुरबाड मार्गावरील गावांत अधिक दिसतील. सूर्यास्तानंतर तासाभराने मुलांनी पालकांसमवेत आकाश पाहावे. न लुकलुकता संथ सरकणारा ठिपका बहुधा उपग्रह असतो. तो मध्येच मावळला, तर पृथ्वीच्या छायेत शिरला असे समजावे. दिनांक, वेळ व दिशा वहीत नोंदवावी.

सावधगिरी : आकाशातून पडलेल्या वस्तूस कोणीही हात लावू नये. टाकीत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. मुलांस दूर ठेवून पोलीस पाटील व तहसीलदार यांस त्वरित कळवावे. भीतीच्या जागी ज्ञान व कुतूहलाच्या जोडीस सावधपणा आला, म्हणजे पाठाचा हेतू सफल झाला.