ॲरिझोनात घर घेताना

प्रश्न : नोकरीनिमित्त ॲरिझोनात स्थायिक व्हायचे आहे. हवामान पाहता घर फिनिक्सला घ्यावे, टूसॉनला की फ्लॅगस्टाफला?

उत्तर : वाळवंटात घर शोधताना आधी उंची पाहावी. फिनिक्स समुद्रसपाटीपासून सुमारे ३३० मीटरवर, टूसॉन ७३०, तर फ्लॅगस्टाफ जवळजवळ २,१०० मीटरवर. उंची वाढते तसा पारा उतरतो.

विदर्भातल्या माणसाला ४५ अंशांचे नवल नाही. पण नागपुरात जूनच्या मध्याला पाऊस सुटका करतो. फिनिक्समध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. त्याहून जीवघेणी रात्र! दिवसभर तापलेले डांबर आणि काँक्रीट अंधार पडल्यावरही धग सोडत राहते. त्या जुलैत एका पहाटेचे किमान तापमानच ३६ अंश होते.

टूसॉनचे दिवस काही अंशांनी सौम्य, पावसाळी सरीही फिनिक्सपेक्षा जास्त. फ्लॅगस्टाफचा उन्हाळा सुखाचा. मात्र हिवाळ्यात दारातला बर्फ उपसायची तयारी हवी.

नोकरीची जागा आड येत नसेल आणि वयस्कर आईवडील सोबत असतील, तर टूसॉनच बरे. करारावर सही करण्यापूर्वी जुलैतला एक आठवडा तिथे जरूर राहून पाहावे.