योजनेत बसलं, पण डब्याचं काय?

घोडेगावात कुणाला मोठ्या दवाखान्यात हलवलं की पहिला प्रश्न असतो, "योजनेत बसतंय का?" महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आजार बसला की ऑपरेशनचा घोर मिटतो. घर खचतं ते बारीकसारीक खर्चाने: डबा, चहा, एसटी आणि सोबतीच्या माणसाची बुडालेली मजुरी. यातला थोडा भार योजनाच उचलते, पण त्याची चौकशी सहसा कुणी करत नाही.

योजना 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली. जुलै 2024 पासून तिचं संरक्षण वर्षाला 5 लाखांपर्यंत गेलं आणि पिवळ्या-केशरीबरोबर पांढरं रेशन कार्डही चालू लागलं. हे 5 लाख माणशी नव्हेत, अख्ख्या कुटुंबाचे मिळून. हप्ता भरायचा नाही. योजनेचं आयुष्मान कार्डही फुकट निघतं, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

आता मुद्द्याचं. पॅकेजमध्ये खाट, तपासण्या, औषधं, ऑपरेशन तर आहेच, शिवाय रुग्णाचं जेवण आहे. घरी परतताना एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं एकवेळचं भाडं आहे. डिस्चार्जनंतर 10 दिवसांपर्यंतची फेरतपासणी आणि लागणारी औषधंही आहेत. म्हणून भरती होतानाच आरोग्यमित्राला गाठा. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात त्याचं टेबल असतं. त्याला सरळ विचारा, "पेशंटचं जेवण कुठून येणार? गाडीभाडं कधी मिळणार?" डिस्चार्जच्या गडबडीत कागदांचा गठ्ठा पुढे सरकवतात आणि "इथं सही करा, इथं अंगठा" सुरू होतं. भाडं मिळाल्याच्या पावतीवर सही करायची ती पैसे मोजून घेतल्यावरच.

सोबतीच्या माणसाचं जेवण मात्र यात नाही. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात दहा दिवस काढावे लागले आणि बाहेरची थाळी शंभर रुपये धरली, तर दोन वेळचे एका माणसाचे 2000 होतात. दोघं थांबले की 4000. रुग्णाची अवस्था गंभीर नसेल तर एकानेच थांबावं, हे माझं स्पष्ट मत. नातेवाइकांचा घोळका प्रेमापोटी येतो, पण त्याचा चहासुद्धा त्याच खिशातून जातो. जवळ शिवभोजन केंद्र चालू असेल तर थाळी 10 रुपयांत मिळते. एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. शक्य तिथे ये-जा त्यांच्याकडे द्यावी. भरती न होता नुसतं ओपीडीत दाखवलं तर त्याचा खर्च साधारणपणे फुले योजनेत धरला जात नाही, हेही लक्षात असू द्या.

बाळंतपणाची सोय वेगळी आहे. सरकारी दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आईला साध्या बाळंतपणात 3 दिवस आणि सिझरला 7 दिवस मोफत जेवण मिळतं, घरी सोडायला गाडीही. त्यासाठी 102 हा नंबर.

टीबीच्या रुग्णाला तर खाण्यासाठीच पैसे आहेत. निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 500 ऐवजी 1000 रुपयांच्या हिशेबाने पैसे थेट खात्यात जमा होतात. सहा महिन्यांच्या उपचाराचे 6000 झाले. अंडी, शेंगदाणे, डाळ यांना तेवढाच आधार. खासगी डॉक्टरकडे औषध चालू असलं तरी हक्क जात नाही, फक्त निक्षय पोर्टलवर नोंद झालेली हवी. ती झाली का, हे डॉक्टरला किंवा आशाताईंना विचारा. बँक खात्याला आधार जोडलेलं नसेल तर पैसे अडकू शकतात.

कमावता माणूसच कॅन्सर, पक्षाघात किंवा टीबीने अंथरुणाला खिळला, तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावं लागतं. मर्यादा हास्यास्पद आहे, पण कागदावर तीच आहे. मंजूर झालं तर महिन्याला 1500 रुपये. घोडेगावकरांनी अर्ज नेवाशाला तहसील कार्यालयात द्यायचा. सोबत उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला आणि सरकारी डॉक्टरचं आजाराचं प्रमाणपत्र लागतं. हे प्रमाणपत्र रुग्ण भरती असतानाच मागून घ्यावं, म्हणजे नुसत्या सहीसाठी पुन्हा गाडीभाडं घालावं लागत नाही.

फुले योजनेतल्या रुग्णालयाने पैसे मागितले किंवा जेवण नाकारलं तर आधी आरोग्यमित्राला सांगा. तिथे दाद लागली नाही तर 155388 किंवा 1800 233 2200 वर तक्रार नोंदवा. फोन लावताना रेशन कार्ड हाताशी ठेवा आणि तक्रारीचा नंबर लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.