पिस्तूल-कोळंबी

कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी कातळाच्या खाचांतून पाण्याची डबकी साचून राहतात. अशा डबक्यातील दगड हलविला असता कधी कधी 'टक्' असा तीक्ष्ण आवाज येतो. दगडावर दगड आपटला असावा, असे प्रथम वाटते. वस्तुतः तो आवाज दगडाखाली दडलेल्या, जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांबीच्या कोळंबीचा असतो. अल्फीडी कुलातील या प्राण्यांना पिस्तूल-कोळंबी म्हणतात. या कुलात सहाशेहून अधिक जाती असून, त्यांपैकी एकीला फॅब्रिसियस या डॅनिश शास्त्रज्ञाने १७७५ साली मलबार किनाऱ्याचे नाव दिले.

बाजारात मिळणाऱ्या कोळंबीहून हिचे वेगळेपण चटकन ध्यानात येते. हिच्या दोन नांग्या असमान असतात. एक नाजूक असते, तर दुसरीची लांबी शरीराच्या जवळजवळ निम्मी भरते. मोठ्या नांगीच्या हलत्या बोटावर खुंटीसारखा उंचवटा असतो आणि समोरच्या स्थिर बोटात त्याच्या मापाचा खळगा असतो. नांगी उघडली की खळग्यात पाणी भरते. ती एकाएकी मिटली की खुंटी खळग्यात शिरते आणि आतील पाण्याची धार वेगाने बाहेर फेकली जाते. या माऱ्याने लहान भक्ष्य बधिर होते आणि बिळावर चालून येणारा प्रतिस्पर्धीही मागे हटतो. मोठी नांगी तुटल्यास दुसऱ्या बाजूची लहान नांगी वाढून तिची जागा घेते व तुटलेल्या ठिकाणी लहान नांगी उगवते.

दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा वेध घेणाऱ्या अमेरिकन ध्वनियंत्रांना उथळ, उबदार समुद्रात भट्टीवर लाह्या फुटाव्यात तसा अखंड तडतडाट ऐकू येई. तो या कोळंबींच्या वसाहतींचा आहे, हे संशोधकांनी शोधून काढले. नांगीची बोटे एकमेकांवर आदळून हा आवाज होतो, असा समज मात्र पुढेही दीर्घकाळ टिकून राहिला.

२००० साली डेटलेफ लोहसे, बार्बरा श्मिट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही क्रिया सेकंदाला सुमारे चाळीस हजार चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याने टिपली व त्याच वेळी आवाजही नोंदविला. नांगी मिटते त्या क्षणी मोठा आवाज होतच नाही, असे आढळले. धारेचा वेग सेकंदाला सुमारे पंचवीस मीटर असतो. या वेगामुळे पाण्याचा दाब इतका घटतो की, तेथे बाष्पाचा बुडबुडा निर्माण होतो. भोवतालच्या पाण्याच्या दाबाने तो क्षणार्धात कोसळतो आणि आवाज होतो तो तेव्हा. जहाजाच्या पंख्याची पाती झिजविणारी हीच घटना या प्राण्याचे हत्यार ठरली आहे. कोसळताना बुडबुड्याचे तापमान किमान पाच हजार केल्व्हिनपर्यंत चढते व डोळ्यांना न दिसणारा प्रकाश चमकतो, असे २००१ साली दिसून आले.

असे हत्यार बाळगणाऱ्या या प्राण्याची दृष्टी अधू असते. हिंदी व पॅसिफिक महासागरांतील काही जाती म्हणूनच गोबी माशासोबत राहतात. कोळंबी बीळ खोदते व साफ ठेवते, मासा दारावर पहारा देतो. बाहेर असताना कोळंबीची एक मिशी माशाच्या अंगावर टेकलेली असते. माशाने शेपूट थरथरविताच ती बिळात शिरते.

युद्धकाळात व्यत्यय ठरलेल्या या तडतडाटाला आता निराळे महत्त्व आले आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ ग्रँडे बेटाजवळ पाण्याखाली ध्वनिग्राहक ठेवून मासे व कोळंबी यांचे आवाज नोंदवितात. जेथे हा आवाज भरपूर, तेथे खडकांच्या कपारींतील जीवसृष्टी सहसा समृद्ध असते. उलट, कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्लधर्मी होत गेल्यास या कोळंबी कमी वेळा आवाज करतात, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. अनेक सागरी जीवांची पिले योग्य किनारा शोधताना या आवाजाचा आधार घेतात. म्हणून तो मंदावल्यास हानी एकट्या कोळंबीची होणार नाही.