‘आझाद’ कोणाचा शब्द?

लातूरहून एम.ए.ची एक विद्यार्थिनी विचारते : ‘1938 साली हैदराबाद स्टेट काँग्रेसने मागितली ती निजामाच्या छत्राखालची जबाबदार राज्यपद्धती, स्वातंत्र्य नव्हे. मग त्या नेत्यांचा विचार तेव्हा कच्चा होता, असं प्रबंधात लिहू का?’

लिहू नका. हैदराबाद भारतात सामील झालं त्या 17 सप्टेंबर 1948च्या गच्चीवर तुम्ही उभ्या राहून दहा वर्षांपूर्वीचं अंगण बघताय. विचारांचे इतिहासकार क्वेंटिन स्किनर यांच्या 1969च्या प्रसिद्ध लेखाचा रोख याच चुकीवर आहे. एखादं वाक्य काय सांगतं एवढंच पाहू नये. ते बोलून माणूस त्या क्षणी काय साधत होता, हेही विचारावं. आता 1938चा क्षण पाहा : स्टेट काँग्रेस रीतसर उभी राहण्याआधीच तिच्यावर बंदी आली होती. साध्या सभेलाही सरकारची परवानगी लागे. तिथे ‘जबाबदार राज्यपद्धती’ मागणं म्हणजे सत्तेला प्रजेपुढे उत्तर द्यायला लावणं. त्यासाठी त्याच वर्षी ऑक्टोबरात माणसं सत्याग्रह करून तुरुंगात गेली.

आता खरी गंमत. बंदी उठली 1946 साली. जून 1947मध्ये निजामाने फर्मान काढून, इंग्रज गेल्यावर आपण सार्वभौम होणार, असं जाहीर केलं. म्हणजे ‘आझाद हैदराबाद’ ही भाषा कोणाची झाली? दरबाराची आणि निजामाच्या पाठीराख्या रझाकारांची! स्टेट काँग्रेसची मागणी होती भारतात सामील होण्याची. 7 ऑगस्ट 1947चा दिवस त्यासाठीच पाळला गेला. तेव्हा ‘स्वातंत्र्य’ हा शब्द नुसता मोजत बसलात, तर निजामच सर्वांत मोठा स्वातंत्र्यवादी ठरेल. प्रत्येक कागदापाशी विचारा : कोणापासून मोकळं व्हायचंय, आणि हे कोणाला ऐकवलं जातंय?

नांदेडच्या एका शिक्षकांची शंका : ‘आजोबांच्या तोंडी आठवणी पुरावा म्हणून चालतील का?’

चालतील, पण कशाचा पुरावा ते ठरवून घ्या. त्या काळाकडे नंतर कसं पाहिलं गेलं, हे त्यांतून छान कळतं. 1938 साली नेमका कुठला शब्द वापरला गेला, हे मात्र त्या वेळच्या कागदातच शोधा. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आठवणींचं पुस्तकही 1967चं आहे, हे विसरू नका.

शिवाय हे कागद पुष्कळदा उर्दूत असतात, त्या उर्दूची भीती सोडा. फर्मानांच्या मराठी सारांशावर शब्दांचा इतिहास उभा राहत नाही. आणि निजामी कागदांवरच्या फसली सनाचा गोंधळ नको : इसवी सन काढायला त्यात 590 मिळवा. निजामी राज्यातलं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, तेव्हा जानेवारीपासून पुढचा कागद असेल तर 591.