अमृतानुभवाची बैठक आणि श्रोत्याची शंका

ज्ञानेश्वरी आपल्या घरोघर आहे, हरिपाठ तर मुखोद्गतच आहे. परंतु अमृतानुभवाचे नाव काढले की चांगले चांगले माळकरीही हात जोडतात आणि म्हणतात, "महाराज, ते काही आपले काम नव्हे. ते पंडितांनी वाचावे." चातुर्मासात गावोगाव पोथी लावण्याची आपली जुनी चाल आहे. तिच्यात हा ग्रंथ क्वचितच लागतो. लागला तरी दोन-तीन प्रकरणे होतात आणि श्रोते गळतात. असे का होते आणि ते कसे टाळावे, याचा विचार आज आपण करू.

प्रथम ग्रंथाची ओळख. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाशास ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. ती गीतेवरची टीका. पुढे श्रीनिवृत्तिनाथांच्या आज्ञेवरून माउलींनी स्वतंत्र ग्रंथ केला तो अनुभवामृत ऊर्फ अमृतानुभव, अशी संप्रदायाची परंपरा आहे. यात दहा प्रकरणे आणि सुमारे ८०० ओव्या आहेत. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांपुढे हे काहीच नाही. पण येथे गीतेचा श्लोक हाताशी धरायला नाही, कृष्णार्जुनांचा संवाद नाही. सारा विषयच सिद्धान्ताचा. म्हणून एकट्याने वाचणारा अडखळतो. याला उपाय म्हणजे चारचौघांत बसून वाचणे.

हा उपाय ग्रंथाच्या पोटातलाच आहे. शेवटच्या प्रकरणात माउली सांगतात त्याचा भाव असा : सूर्याला तेज मिळाले ते साऱ्या जगासाठी, चंद्राचे अमृत एकट्या चंद्राचे नव्हे, आणि दिव्याचा उजेड सगळ्या घराच्या सुखासाठी असतो. गुरूंनी दिलेला अनुभव मग एकट्याने कसा ठेवावा? तेव्हा जो ग्रंथ वाटण्यासाठीच सांगितला, तो "आमचे काम नव्हे" म्हणून फडक्यात बांधून ठेवणे बरे नव्हे.

आता बैठकीची रीत. घाई करू नये. एकादशीला दहा ओव्या घेतल्या, तर वर्षाच्या चोवीस एकादशांतून आषाढी-कार्तिकीच्या दोन वजा जाता २२० ओव्या होतात. म्हणजे साडेतीन-पावणेचार वर्षांत ग्रंथ पुरा होईल. लागू देत तेवढी वर्षे! पंढरीची वाट तरी आपण एका दिवसात कुठे चालतो?

एकाने ओवी दोनदा सावकाश वाचावी. जुन्या शब्दाचा अर्थ आधी सांगावा, मग अन्वय लावावा, मग दृष्टान्त घ्यावा. पाठभेद निघाला तर त्यावरून भांडू नये. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती अनेक प्रती ताडून. तोच धडा आपण घ्यावा. दोन प्रती शेजारी ठेवाव्या आणि अर्थ कोणता बसतो ते पाहावे.

दृष्टान्त मात्र प्रत्येकाने आपल्या धंद्यातून पडताळावा. पाचव्या प्रकरणात सत्, चित् आणि आनंद हे तीन शब्द तीन वेगळ्या वस्तू दाखवीत नाहीत, हे सांगताना सोन्याची उपमा आहे. कांती, काठिण्य आणि सोनेपण मिळून सोने एकच. बैठकीत गुऱ्हाळावर राबणारा कोणी असेल तर तो म्हणेल, "गुळाचा खडा पिवळा, गोड आणि घट्ट, पण ढेप काय तीन असतात?" त्याला जे कळले ते पाठांतराहून मोलाचे आहे.

खरी कसोटी लागते ती सातव्या प्रकरणात. ग्रंथाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग या एका प्रकरणाने व्यापला आहे. विषय अज्ञानखंडन. अज्ञान म्हणून काही स्वतंत्र वस्तूच नाही, असे येथे नाना युक्तींनी सिद्ध केले आहे. आमच्या बैठकीत हे प्रकरण चालू असता मागे बसलेल्या एका शेतकरी माळकऱ्याने विचारले, "माउली, अज्ञानच नाही म्हणता, तर मग आम्ही हरिपाठ कशासाठी म्हणायचा? उन्हापावसात वारीला कशापायी जायचं?"

वाचकहो, ही शंका लहान नव्हे. तिला "पुढे कळेल, गप बसा" असे उत्तर दिले तर दोहोंपैकी एक घडते. एक तर तो मनुष्य भिऊन ग्रंथ सोडतो. नाही तर ग्रंथ धरून वारी सोडतो, आणि तोंडाने ब्रह्मज्ञान बोलत कोरडा वेदान्ती होऊन बसतो. दोन्हींत हानी मोठी आहे. यास्तव शंका येईल तेथेच थांबावे. आम्ही तिचा विचार तीन पायऱ्यांनी केला.

पहिली पायरी : बोलतो कोण? खंडनाच्या प्रकरणात माउली आधी दुसऱ्याचे म्हणणे मांडतात आणि मग ते खोडतात. पूर्वपक्षाची ओवी सिद्धान्त समजून घेतली की सगळा गोंधळ होतो. म्हणून प्रत्येक ओवीपाशी विचारावे की हे माउलींचे मत, की ज्याचे खंडन करायचे त्याचे?

दुसरी पायरी : नाकारले काय? "मला कळत नाही" असे माणसाला वाटते, हे कोणी नाकारीत नाही. आत्म्याला झाकणारी, त्याच्याहून वेगळी अशी वस्तू आहे, हे नाकारले आहे. अंधार पाहायला दिवा घेऊन खोलीत गेलो तर अंधार सापडत नाही. पण म्हणून खोलीत दिवा नेऊच नये, असे कोण म्हणेल? आणखी पाहा, आठव्या प्रकरणात ज्ञानाचेही खंडन आहे. अज्ञान नाही, तर त्याला घालवणारे ज्ञान तरी निराळे कोठून आणणार? तेव्हा "मी ज्ञानी झालो, मला साधन नको" असे म्हणणाऱ्यालाही ग्रंथात जागा ठेवलेली नाही.

तिसरी पायरी : पुढे काय म्हटले आहे? सातव्यावर ग्रंथ मिटू नये. नवव्या प्रकरणापर्यंत चालावे. तेथे जीवन्मुक्ताची दशा सांगितली आहे आणि तिच्यात भक्ती संपत नाही, ती सहज होते. एकच डोंगर कोरून देव, देऊळ आणि परिवार करावा, तसा एकपणातही भक्तीचा व्यवहार का होऊ नये, असा तेथला भाव आहे. वेरुळचे कैलास लेणे ज्यांनी पाहिले त्यांना हे वेगळे सांगायला नको. कळस, खांब आणि गाभारा एकाच पाषाणाचे. तरी पाहणारा हात जोडतोच.

म्हणजे शंकेचे उत्तर असे निघाले. हरिपाठ काही उणे आहे ते भरण्यासाठीच असतो, असे नाही. उणे उरले नाही तरी नाम उरते, कारण ते प्रेमाचे आहे. लेक आईला हाक मारते ती दर वेळी काही मागण्यासाठीच असते का? हे ऐकून तो माळकरी म्हणाला, "मग वारी सुटायची नाही." आम्ही म्हटले, "सुटायची तर नाहीच, ओझंही वाटायची नाही."

ज्ञानेश्वरीतही श्रोते मुके नाहीत. निवृत्तिनाथ मधे बोलतात, श्रोते आपला संतोष आणि उत्कंठा प्रकट करतात. गीतेचा तिसरा अध्याय तर अर्जुनाच्या शंकेनेच उघडतो : कर्माहून ज्ञान श्रेष्ठ, तर मला या घोर कर्मात का घालतोस? आमच्या माळकऱ्याची शंका याच जातीची. अर्जुन गप्प बसला असता तर पुढचे अध्याय कोठून मिळाले असते?

तात्पर्य, बैठकीत नव्याने आलेल्याला आधी विचारू द्यावे. आयाबहिणींना मागे बसवून त्यांची शंका मागेच ठेवू नये. ज्याला अक्षर येत नाही त्याने ओवी पाठ करावी, अर्थ त्यालाही तितकाच लागतो. उत्तर न सुचल्यास शंका वहीत टिपावी, जाणत्यांना विचारावी आणि पुढच्या एकादशीला तेथूनच सुरुवात करावी. उठताना मात्र हरिपाठ म्हणूनच उठावे. चर्चेत आवाज चढला असेल तर तो तेथे टाळात मिसळून जातो, आणि एकमेकांच्या पाया पडताना कोण जिंकले, कोण हरले, याची आठवण राहत नाही.

येत्या एकादशीला चार जण जमवून ग्रंथ उघडावा. पहिल्या दहा ओव्या झाल्या तरी पुष्कळ. पुढचे चालवून घेण्यास माउली समर्थ आहेत.

रामकृष्णहरि.