जंगलाचा अभ्यास, गावाला विचारून

मुलाने वनशास्त्र घ्यायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो: वनखात्याच्या परीक्षेत निवड झाली नाही तर? प्रश्न रास्त आहे, पण खात्याबाहेरही काम आहे आणि ते कायद्यातूनच उभं राहिलं आहे. 2006च्या वनहक्क कायद्याने गावांना आपलं जंगल राखण्याचा सामूहिक हक्क दिला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरांवर तो मिळाला; 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. हक्कामागोमाग जबाबदारी येते. किती बांबू तोडला तर रांजी (बांबूचं बेट) टिकेल, वणवा कुठून शिरतो, विक्रीचा हिशेब कसा ठेवायचा, हे सगळं आराखड्यात मांडावं लागतं. त्यासाठी नकाशे, मोजणी आणि सांख्यिकी जाणणारी माणसं लागतात.

मात्र या कामात गाव हे संशोधनाचं साहित्य नसतं, भागीदार असतं. मेंढ्यात निर्णय सर्वसहमतीने होतात आणि त्याआधी गावाचा अभ्यासगट विषय समजून घेतो. ‘एवढं विचारत बसलं तर प्रबंध कधी होणार?’ हा आक्षेप नेहमीचा. त्याला केरळातल्या काणी आदिवासींचं उदाहरण उत्तर देतं. 1987 मध्ये काही काणी वाटाड्यांनी वैज्ञानिकांना ‘आरोग्यपच्चा’ ही वनस्पती दाखवली. तिच्यापासून ‘जीवनी’ हे औषध झालं, परवाना शुल्कातला आणि स्वामित्वधनातला निम्मा वाटा समाजाला द्यायचं ठरलं. जगभर कौतुक झालं. तरी अनेक काणींचा विरोध होताच, कारण होकार मोजक्यांचा होता आणि ज्ञान साऱ्यांचं. वाटा दिल्याने आधी न विचारल्याची भरपाई होत नाही. विचारण्यात गेलेले महिने म्हणूनच संशोधनपद्धतीचाच भाग धरावेत.

पालकांनी पगाराबद्दल भ्रम ठेवू नये. सुरुवातीच्या नेमणुका बहुधा प्रकल्पापुरत्या, कंत्राटी असतात. म्हणून पाया रुंद हवा: अकोला किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठातली वनशास्त्राची पदवी, नाहीतर वनस्पतिशास्त्र किंवा भूगोल, जोडीला जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याचं तंत्र. हे कौशल्य जलसंधारणापासून नगरनियोजनापर्यंत चालतं, त्यामुळे प्रकल्प संपला तरी मुलगा रिकामा बसत नाही. सामाजिक बाजू शिकायची तर टाटा समाजविज्ञान संस्थेचं तुळजापूर केंद्र आहे. गोंडी, माडिया किंवा कोरकू यांपैकी एक भाषा मात्र विद्यार्थ्याने स्वतःहून शिकावी. दुभाष्यामार्फत घेतलेली संमती कच्चीच राहते. आणि प्रकल्पात रुजू होण्याआधी मार्गदर्शकाला विचारावं, जमवलेली माहिती गावाला परत कोणत्या भाषेत मिळणार आहे आणि ती छापू नका असं ग्रामसभेने म्हटलं तर तुम्ही काय कराल?