सशांच्या पिलांची वाढ व आंतड्यांतील जंतु

अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर कणी घरचीच, म्हणून आईपासून तोडलेल्या पिलांपुढें ती सढळ हातानें टाकण्याचा मोह होतो. याच वयांत, म्हणजे 4-5 आठवड्यांच्या सुमारास, हगवण पिलें नेते.

सशाच्या आंतड्यांत अंधनाल नांवाची मोठी पिशवी असते. तींतील जंतु गवताचा चोथा आंबवितात; तेथील मऊ लेंड्या ससा गुदद्वारापाशींच तोंड लावून खातो. पुष्कळांस ही घाण वाटते. पण तींत प्रथिनें व ब-जीवनसत्त्वें असतात. आईच्या लेंड्या चघळून पिलांसही हे जंतु मिळतात. सबब घरटें ओलें झाल्यास बदलावें, कोरड्या लेंड्यांसाठीं रोज झाडूं नये. कणी फार झाल्यास न पचलेला पिष्टांश अंधनालांत उतरून घातक जंतु माजतात. सुकें गवत मुबलक घालावें, कणी चिमूटचिमूट वाढवावी, आणि पावसांत भिजलेला चारा सुकवूनच द्यावा.